वावरातली सुटी

उन्हाळ्याच्या सुटीत आपण वर्धा जिल्ह्यात जाणार आहोत असे सांगितले, की पुण्याची माणसे आपल्याकडे मोठ्या काळजीने पाहू लागतात. आमच्या शेजारच्या काकूंनी तर, "का हो, कुणाचे आजारपण वगैरे आहे का?" असे हलक्या आवाजात विचारले होते. त्यांचेही काही चुकले नाही. मे महिन्यात माणसाने महाबळेश्वरला जावे, कोकणात जावे, फार तर नाशिकला बहिणीकडे जावे. ज्या मुलखात पारा पंचेचाळिसाला टेकतो, दुपारी बारानंतर रस्त्यावर कुत्रे दिसत नाही, आणि नळाचे पाणी चहाला आयतेच निम्मे तापून येते, तिकडे तिकिटाचे पैसे खर्चून आणि दोन नातवंडांना बरोबर घेऊन कोण जातो?

मी जातो. कारण माझे आजोळ अल्लीपूर. हिंगणघाट तालुक्यातले हे गाव; भोवती काळी जमीन आणि त्या जमिनीत पिढ्यानपिढ्या कापूस. या मुलखातल्या कापसाचा एके काळी असा दबदबा होता, की एकोणिसाव्या शतकात 'हिंगणघाट' हे नाव लिव्हरपूलच्या बाजारात मालाची जात म्हणून ओळखले जाई. आम्हा मुलांना लिव्हरपूल ठाऊक नव्हते. आम्हाला ठाऊक होती ती मामाची बंडी, कोठ्यातली पांढरी बैलजोडी, अंगणात ओळीने टाकलेल्या बाजा आणि आंब्याच्या रसाबरोबर ताटात पडणारे सरगुंडे. सरगुंडे म्हणजे काय ते ज्यांना माहीत नाही, त्यांना सांगून समजणार नाही. त्यांनी एकदा विदर्भात सोयरीक करावी.

मामा गेले, मामी गेली. आता मामेभाऊ आहेत. ते माझ्याहून पाच वर्षांनी वडील, म्हणून मी त्यांना दादा म्हणतो. शेती त्यांचा मुलगा पाहतो, पण बैल अजून दादांचे ऐकतात. घरात वहिनी, सून आणि बारावीची परीक्षा देऊन निकालाची वाट पाहणारा नातू. एवढी ही मंडळी.

इतकी वर्षे मी एकटाच जात असे. नातवंडांना न्यावे असे मनात आले ते एका गमतीच्या कारणाने. आमच्या एका स्नेह्यांची मुलगी अमेरिकेत असते. तिच्या लेकीने उन्हाळ्याच्या सुटीत आयोवा राज्यातल्या एका शेतावर शिबिर केले, त्याची छायाचित्रे स्नेह्यांनी आम्हाला मोठ्या कौतुकाने दाखवली. हे शेत साधेसुधे नव्हे. विल्यम मरे नावाच्या प्राध्यापकाच्या कल्पनेतून ते उभे राहिले आणि १९७० च्या सुमारास लोकांना खुले झाले. तिथे एका जागी १७०० सालची मूळ रहिवाशांची शेती, दुसरीकडे १८५० सालच्या वसाहतवाल्यांचे शेत, तिसरीकडे घोड्यांनी नांगरायचे १९०० सालचे शेत आणि मध्ये १८७५ सालचे एक गाव, असे सगळे मांडून ठेवले आहे. माणसे जुने कपडे घालून खरोखर नांगरतात, लोणी काढतात, लोखंड तापवून नाल ठोकतात. आणि शहरातली मुले सुटीत येऊन त्यांच्या हाताखाली उमेदवारी करतात. स्वीडनमध्ये स्टॉकहोमला असा जुन्या घरांचा उघडा संग्रह १८९१ सालीच सुरू झाला. तिथून ही कल्पना जगभर पसरली.

छायाचित्रात ती मुलगी झालरीची टोपी घालून कोंबड्यांना दाणे टाकत होती. माझी अकरा वर्षांची नात ते पाहून म्हणाली, "आजोबा, आपल्याकडे असे शेत कुठे आहे?"

मी म्हटले, "आहे की. आणि तिथे टोपीचे भाडे पडत नाही."

झाले. मे उजाडताच नात, तिचा कॉलेजात जाणारा भाऊ आणि मी असे तिघे रेल्वेने निघालो.

अल्लीपुरात पोचलो तेव्हा दादा ओसरीवर उभे होते. नातवंडांची तोंडे उन्हाने लाल झालेली पाहून त्यांनी मला पहिला प्रश्न केला, "कायले आनलं जी पोरायले ह्या उन्हात?" आणि उत्तराची वाट न पाहता आत ओरडून सांगितले, "कैरीचं पन्हं आना बाप्पा आधी!"

पहिल्या दिवशी भाषेचीच मौज झाली. वहिनींनी नातीला अंगणातून सांबार आणायला सांगितला. ती बिचारी गोंधळून स्वयंपाकघरात इडली शोधू लागली. विदर्भात कोथिंबिरीला सांबार म्हणतात, हे तिला कोणी सांगितलेच नव्हते. बंडी म्हणजे अंगात घालायची नव्हे तर बैलगाडी, वावर म्हणजे शेत, धुरा म्हणजे बांध, कोठा म्हणजे गोठा, हे सगळे तिने संध्याकाळपर्यंत वहीत उतरवून घेतले. वहीच्या पहिल्या पानावर तिने 'अल्लीपूर शिबिर' असे मथळ्यात लिहिले होते. मुलांना कोणत्याही गोष्टीचे शिबिर करावेसे वाटते, त्याला आपण तरी काय करणार!

दादांनी मात्र ते शिबिर फार मनावर घेतले. दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला त्यांनी दोघांनाही उठवले. मे महिन्यात वावरात पीक नसते, तेव्हा तिथे काम काय, असे शहरातल्या माणसाला वाटते. खरे तर पुढच्या वर्षाचे निम्मे नशीब याच महिन्यात ठरते. मृग नक्षत्र ७ - ८ जूनला लागते. त्याच्या आत जमीन वखरून तयार व्हायला हवी, मागल्या पिकाची धसकटे वेचून बाहेर निघायला हवीत, शेणखत पसरायला हवे. काळी जमीन पाऊस पडला की चिखल होते आणि वाळली की दगड. तिला हात लावायचे दिवस मोजकेच. हे दादांनी व्याख्यान देऊन सांगितले नाही. त्यांनी नातवाच्या हातात वखराची मूठ दिली आणि म्हणाले, "दाब. लय नको दाबू. बैल चालते, तू फक्त संगं चाल."

नातू संगे चालला, पण वखर चालला नाही. कधी वरवरच घसरे, कधी असा रुते की बैल थांबून मागे पाहत. कॉलेजातल्या मुलाला एका बैलाने असे पाहिले, म्हणजे शिक्षणाचा गर्व बराच कमी होतो. नातीने धसकटे वेचली. दहा वाजता ती घरी परतली तेव्हा तिच्या तळहातावर दोन फोड होते आणि ते तिने संध्याकाळपर्यंत गावातल्या निम्म्या बायकांना दाखवले.

बैलांविषयी दोन शब्द सांगायला हवेत. ही जोडी गवळाऊ. वर्धा जिल्ह्याची, विशेषतः आर्वीकडची ही खास जात. अंगाने सडपातळ, पांढरी, तोंड निमुळते आणि चालीला चपळ. मराठ्यांच्या फौजांचे सामान या जातीचे बैल वाहत, असे जुने लोक सांगतात. दादांच्या कोठ्यात ही जात त्यांच्या आजोबांपासून आहे. आता गावात ट्रॅक्टर भाड्याने मिळतो. जोडी बाळगणारी घरे थोडी उरली आहेत.

चार दिवसांनी आम्ही वर्ध्याला आणि सेवाग्रामला गेलो. हेतू असा, की मुलांना कामाबरोबर थोडा इतिहासही दिसावा. वर्ध्याला मगनवाडीत मगन संग्रहालय आहे. गांधीजींचे सहकारी मगनलाल गांधी १९२८ साली वारले. त्यांच्या नावाचे हे संग्रहालय गांधीजींच्याच हस्ते ३० डिसेंबर १९३८ रोजी उघडले. ग्रामोद्योग संघाचे काम पाहणारे अर्थशास्त्रज्ञ जे. सी. कुमारप्पा याच मगनवाडीत राहत. तिथे चरखे आहेत, ग्रामोद्योगांची नाना साधने आहेत, शेतीची अवजारे आहेत. नात एका अवजारासमोर थबकली आणि मोठ्याने म्हणाली, "अहो आजोबा, हे तर दादाआजोबांच्या कोठ्यात टांगले आहे!" आजूबाजूचे दोघे-तिघे हसले. दादा आमच्या बरोबर होते, ते हसले नाहीत. ते त्या अवजाराकडे बराच वेळ पाहत राहिले आणि एवढेच म्हणाले, "म्हंजे आता आमचा नंबर लागला म्हनाचा."

सेवाग्राममध्ये मुले रमली. गांधीजी ३० एप्रिल १९३६ रोजी या गावी राहायला आले, तेव्हा त्याचे नाव शेगाव होते. सेवाग्राम हे नाव १९४० मध्ये पडले. घर बांधायचे ते गावात मिळणाऱ्या वस्तूंचे आणि खर्च पाचशे रुपयांच्या पुढे जाऊ द्यायचा नाही, अशी अट त्यांनी जमनालाल बजाजांना घातली होती. पहिले घर ते आदिनिवास. त्यात सगळे एकत्रच राहत. बापूकुटी मुळात मीराबेनसाठी बांधलेली. नातवाला व्हाइसरॉयने बसवून दिलेल्या टेलिफोनचे नवल वाटले. नातीला आवडला तो साप धरण्याचा लाकडी चिमटा आणि पिंजरा. साप धरायचा आणि मारायचा नाही, दूर रानात नेऊन सोडायचा, असा आश्रमाचा परिपाठ होता. गांधीजी १९४६ च्या ऑगस्टमध्ये इथून गेले ते परत आलेच नाहीत. कुट्या मात्र सारवून, शाकारून जशाच्या तशा ठेवल्या आहेत आणि संध्याकाळची प्रार्थना अजून होते. आपल्याकडचे चालते-बोलते जुने शेत म्हणायचे तर ते हेच. फक्त इथे कुणाला पूर्वीचे कपडे घालून सोंग घ्यावे लागत नाही.

त्या रात्री अल्लीपुरात अंगणात बाजांवर पडल्या पडल्या विषय निघाला. दादांनी सहज सांगितले, की पेरणी आणि डवरणी आटोपली म्हणजे जोडी विकायची. नातवाला नागपूरला शिकायला ठेवायचे आहे, फी भरायची आहे, पीककर्जाचा मागचा हप्ता अंगावर आहे. दोन बैलांचे चाऱ्यापाण्याचे वर्षाचे खर्च मोजले तर ट्रॅक्टरचे भाडे स्वस्त पडते. सगळा हिशेब बिनचूक होता.

नात उठून बसली. "नाही हं दादाआजोबा! जोडी विकायची नाही!" आणि तिला रडू आले.

तेव्हा दादांचा नातू, जो चार दिवस आमच्याशी फारसा बोलला नव्हता, अंधारातून म्हणाला, "तुले हे दहा दिवसाचं शिबिर हाय. मले हे जनमभर हाय. मी पऱ्हाटी येचून बारावी केली. तू पुन्याले जाशीन अन् बैल कोन सांभाळन?"

कुणीच काही बोलले नाही. दादांनीही त्याला दटावले नाही.

मला झोप लागेना. सेवाग्रामलाच ज्या शिक्षणाचा पाया घातला गेला, त्याचे काय झाले ते आठवत होते. १९३७ सालच्या ऑक्टोबरात, २२ आणि २३ तारखांना, गांधीजींच्या अध्यक्षतेखाली वर्ध्याला शिक्षण परिषद भरली. सात वर्षे मोफत आणि सक्तीचे शिक्षण, तेही मातृभाषेतून, आणि मध्यभागी हाताचा एखादा उद्योग: सूतकताई असो, शेती असो. पुढे राष्ट्रपती झालेले डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीने त्याचा आराखडा केला. आशादेवी आणि आर्यनायकम् या दांपत्याने सेवाग्रामला ती शाळा चालवली. यालाच नई तालीम म्हणतात. कल्पना किती सरळ! पण देशात ती रुजली नाही, आणि सरकारी अनास्थेइतकेच त्याचे एक कारण होते ते खेड्यातल्या आईबापांच्या मनात. पोराने मातीतच हात घालायचा, तर शाळा कशाला? शाळा हवी ती मातीतून सुटण्यासाठी. शहरातल्या मुलांना तर ती शाळा कुणी देऊच केली नाही. म्हणजे ज्यांचे हात आधीच राबत होते त्यांना श्रमाचे शिक्षण, आणि ज्यांना त्याची खरी गरज, ती आपली मुले मात्र मोकळी. अंधारातल्या त्या मुलाच्या दोन वाक्यांत हा सगळा इतिहास होता. सेवाग्रामला २००५ साली आनंद निकेतन या नावाने ती शाळा पुन्हा सुरू झाली, आणि तिथली मुले शेती, स्वयंपाक, कताई यांतून गणित-विज्ञान शिकतात, हे ऐकून बरे वाटते. पण एका शाळेने एवढे ओझे किती उचलावे?

यावर उपाय माझ्याजवळ नव्हता. पण नातवाने एक गोष्ट आधीच ठरवून ठेवली होती. चंद्रपूर जिल्ह्यात मूलजवळ सोमनाथ येथे बाबा आमटे यांनी साठीच्या दशकात शेतीचा प्रकल्प उभारला. कुष्ठरोगातून बऱ्या झालेल्या माणसांनी जंगलाच्या कडेची जमीन कसून दाखवली. तिथे मे महिन्याच्या मध्याला तरुणांची श्रमसंस्कार छावणी भरत आली आहे: सकाळी कुदळ-फावडे, दुपारी व्याख्याने आणि चर्चा, रात्री गाणी. बाबा मूळचे याच हिंगणघाटचे. १९१४ साली तिथे जन्मले. जमीनदाराच्या घरात जन्मून त्यांनी स्वतः कुदळ हाती घेतली. नातवाने छावणीला नाव घातले होते. त्याने दादांच्या नातवाला बरोबर चलण्याचा आग्रह केला.

तो आधी मोठमोठ्याने हसला. "खोदाले इतक्या दूर जाचं? अन् पदरचं गाडीभाडं देऊन?" पण निकालाला अवकाश होता आणि घरात बसून त्याला कंटाळा आला होता. गेला.

आठवड्याने दोघे परतले ते करपून काळे होऊन. आमच्या नातवाने सांगितलेली हकीकत अशी: पहिल्या दिवशी मुंबई-पुण्याच्या मुलांनी तासाभरात हात टेकले. कुदळ कशी धरावी, घमेले कमरेवर कसे तोलावे, उन्हात किती वेळाने आणि किती पाणी प्यावे, हे त्यांना ठाऊकच नव्हते. मग दादांच्या नातवाने एकाला दाखवले, दुसऱ्याला दाखवले. तिसऱ्या दिवशी त्याच्या भोवती घोळका असे. इंजिनिअरिंगची मुले त्याला विचारून मातीचा भराव टाकत होती. जे त्याला घरी ओझे वाटत होते, ते तिथे विद्या ठरले. आणि बोटे झडलेल्या हातांनी भाजीचे वाफे राखणारी माणसे त्याने तिथे पाहिली, त्याविषयी तो स्वतः काहीच बोलला नाही. फक्त परत आल्यावर दुसऱ्या पहाटे कुणी न उठवता उठला आणि जोडी घेऊन वावरात गेला.

इथे एखाद्या बोधकथेत मुलाने 'मी आता शेतीच करणार' असे जाहीर केले असते. तसे झाले नाही आणि ते बरेच झाले. तो नागपूरला गेला, शिकतो आहे. जोडीही विकली गेली. पण दादांनी ती बाजारात उभी केली नाही. शेजारच्या गावच्या एका लहान शेतकऱ्याला, ज्याच्या दोन एकरांत ट्रॅक्टर वळत नाही, त्याला त्यांनी दोन पैसे कमी घेऊन दिली. व्यवहार करायला ते नातवालाच घेऊन गेले. खुंट्याला बांधताना बैलांच्या सवयी त्या शेतकऱ्याला त्यानेच समजावून सांगितल्या: डावा पाण्याला आधी लागतो, उजवा डोक्याला हात लावू देत नाही. हे मला सुनेने फोनवर सांगितले. सांगताना तिचा आवाज जरा बदलला.

आमच्या नातीला ही बातमी कशी सांगावी, याची मला काळजी होती. विदर्भात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. मोठ्यांचे खरे बैल आदल्या दिवशी मिरवले, की दुसऱ्या दिवशी मुले आपापले लाकडी नंदी सजवून आणतात. वर्धा जिल्ह्यात सिंदीचा तान्हा पोळा तर नावाजलेला आहे. त्या दिवसाच्या आधी दादांनी नातीला पुण्याला चाकांचा एक लाकडी नंदी धाडला. मला वाटले, आता ही पुन्हा रडणार. ती रडली नाही. तिने नंदी खिडकीत ठेवला आणि दादांना फोन लावला. "दादाआजोबा, बैल नव्या घरी नीट चरतात का? आणि बोंडे किती आली? अळी आहे का?"

पलीकडून दादांचे उत्तर मलाही ऐकू आले. "बोंडं हायेत माय. पावसानं थोडी गडबड केली. तू कायले काळजी करतं?"

ती म्हणाली, "मी धसकटे वेचली होती ना त्या वावरात!"

एवढ्याने वर्धा जिल्ह्यातल्या कापूस उत्पादकाचे दैन्य फिटते असे म्हणण्याइतका मी भाबडा नाही. २००६ साली खुद्द पंतप्रधान विदर्भात येऊन सहा जिल्ह्यांसाठी मदत जाहीर करून गेले, त्यात वर्धाही होता. तरी हिशेब जुळलेला नाही. पण आमच्या घरात आता एक माणूस असे आहे, की जे जूनमध्ये पुण्याचा नव्हे तर हिंगणघाटचा पाऊस विचारते. आणि नवा सुती फ्रॉक अंगात घालताना क्षणभर थांबते.

पुढच्या मे महिन्यात आपल्या मुलांना घेऊन आपल्या एखाद्या विसरलेल्या आजोळी जावे, असे कुणा वाचकाच्या मनात आले तर दोन गोष्टी सांगून ठेवतो. आधी काम, मग जेवण, हा तिथला नियम आपल्या मुलांनाही लावावा. आणि त्या घरातले मूल जेव्हा आपल्या मुलाला काही तिखट बोलेल, तेव्हा मध्ये पडू नये, ऐकून घ्यावे. सुटीतला खरा धडा बहुधा तोच असतो. बाकी पन्हे आणि सरगुंडे आहेतच.